पावसाळ्यात आर्टेमियाची अंडी फुटेनाशी झाली; फायटरच्या पिल्लांचे काय करावे?

खारेगावची टाकी

नमस्कार मंडळी. मी कळव्याजवळ खारेगावात राहते आणि गेली तीन वर्षे घरच्या घरी फायटर माशांची पैदास करते. यंदाच्या जोडीची पिल्ले घरटे सोडून आडवी पोहू लागल्याला आज अकरा दिवस झाले. सुरुवातीला ती दीडशेच्या आसपास होती. पहिले चार दिवस मी त्यांना व्हिनेगर ईल (सिरक्यात वाढणारे सूक्ष्म कृमी) दिले आणि पाचव्या दिवसापासून आर्टेमियावर, म्हणजे अंड्यांतून घरीच काढायच्या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांवर, आणले. अडचण तेथूनच सुरू झाली.

माझी पद्धत अशी आहे. शीतपेयाची दोन लिटरची बाटली तळ कापून उलटी टांगते. तीत दीड लिटर नळाचे पाणी, पोह्याच्या चमच्याने तीन चमचे जाडे मीठ आणि चहाचा एक सपाट चमचा अंडी घालते. तळाशी एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडते आणि ३६ तासांनी पिल्लांना देते. मे महिन्यात याच पद्धतीने बाटलीचा तळ गर्द नारिंगी दिसत असे. जुलैच्या मध्यापासून मात्र पाणी नुसते गढूळ तपकिरी राहते, वर फेस जमतो, फेसाला चिकटून अंड्यांचे रिंगण बसते आणि तळाशी पाहावे तर मोजके दहा-वीस ठिपके हालताना दिसतात. डबा एप्रिलमध्ये घेतलेला आहे. तो मी फ्रिजच्या दारात ठेवते आणि रोज संध्याकाळी ओट्यावर काढून हवी तेवढी अंडी घेऊन लगेच परत ठेवते. दुकानदार म्हणतो की पावसाळ्यात असेच होते. पण का होते, हे तो सांगू शकला नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. गेल्या चार दिवसांत नऊ पिल्ले मेली. त्यांतील तीन मी बशीत घेऊन भिंगाखाली पाहिली, तेव्हा पोट फुगलेले होते आणि आत नारिंगी रंगाऐवजी तपकिरी दाणे स्पष्ट दिसत होते. हे टरफलच असावे असे मला वाटते.

मीठ बदलावे की पाणी, हे मला कळेनासे झाले आहे. आणखी एक विचारते: आमच्यापासून मुलुंड-भांडुपची मिठागरे एवढी जवळ असताना तेथून जिवंत आर्टेमिया मिळवता येईल का?

कोपरखैरणे एंजल

ताई, नमस्कार. मी गेली बरीच वर्षे एंजल माशांची पिल्ले वाढवतो आणि तुमच्यासारखाच पावसाळा मीही एकदा गमावला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मीठ आणि पाणी यांच्यावरचा संशय दूर करू. मे महिन्यात याच मिठात, याच नळाच्या पाण्यात, याच बाटलीत अंडी फुटत होती. मग मे आणि जुलै यांच्यात नेमके काय बदलले, एवढेच शोधायचे आहे, आणि ते तुमच्या लिहिण्यातच आहे. फ्रिजमधून गार डबा काढून तुम्ही तो जुलैतल्या ओट्यावर उघडता. आपल्याकडची त्या दिवसांतली हवा इतकी दमट असते की गार ताटलीसुद्धा मिनिटभरात ओली होते. डबा उघडताच तेच दव आतल्या अंड्यांवर बसते. मग तुम्ही झाकण लावता, ओलावा आत कोंडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. एप्रिल-मेमध्येही हे थोडेफार होत असणार, पण तेव्हा हवा तुलनेने कोरडी होती आणि डबा नवा होता.

ओलाव्याने अंडे कुजते असे नव्हे, त्याच्या आतली शिदोरी संपते. आर्टेमियाचे अंडे म्हणजे खरे तर वाढीच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच थांबलेला गर्भ आहे. कोरडा असेपर्यंत तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण त्याच्या आत काहीच चालू नसते. ओलावा मिळाला की तो जागा होतो आणि साठवलेली शर्करा वापरू लागतो. तुमच्या डब्यात तो अर्धवट जागा होतो, पुन्हा सुकतो, पुन्हा जागा होतो. आठ-दहा वेळा असे झाले की कवच फोडायला लागणारी ताकदच उरत नाही. मग तुम्ही कितीही चांगले मीठ घाला, उपयोग होत नाही.

यावर माझा अनेक वर्षांचा रिवाज सांगतो. नवा डबा आणला की कोरड्या, शक्यतो वातानुकूलित खोलीत एकदाच उघडावा आणि त्यातील अंडी आठ-आठ दिवसांच्या हिशेबाने छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरावीत. प्रत्येक बाटलीत सिलिका जेलची ताजी पुडी टाकावी. एक बाटली बाहेर वापरात ठेवावी आणि बाकीच्या फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधली बाटली काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास तरी, झाकण उघडू नये. बाहेरून जमलेले दव पूर्ण वाळले की मगच उघडावी. या एका सवयीने माझे पावसाळ्यातले नुकसान थांबले.

मिठागरांचा विचार मात्र सोडून द्या. आर्टेमिया भारतात आहे, त्याची नोंद तूतुकुडीच्या मिठागरांतून आणि राजस्थानातल्या सांभर सरोवरातून झालेली आहे. पण त्याला स्वतःचे असे काही संरक्षण नसते. मासे जगू शकणार नाहीत इतक्या खाऱ्या पाण्यात राहणे हेच त्याचे संरक्षण. आत्ता पावसाने मिठागरांतले पाणी पातळ झालेले असते, तेव्हा तेथे तो सापडायचा नाही. शिवाय ठाणे खाडीचे पाणी जे काही वाहून आणते ते पिल्लांच्या टाकीत येऊ देणे मला योग्य वाटत नाही. २०१५ साली खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला आहे. तेथले जे आहे ते पक्ष्यांसाठी राहू द्यावे. आपल्या डब्यातली अंडी बहुधा अमेरिकेतल्या यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकची असतात आणि पिल्लांना ती उत्तम चालतात.

खारघर सूक्ष्मदर्शक

ताई, काकांनी म्हटले आहे त्याची खात्री तुम्हाला आज रात्रीच करून घेता येईल, त्यासाठी नवा डबा आणण्याचीही गरज नाही.

डब्यातील चिमूटभर अंडी कोरड्या पांढऱ्या कागदावर टाका आणि कागद तिरपा करा. चांगली अंडी बारीक कोरड्या वाळूसारखी घरंगळतात. ओलावलेली अंडी एकमेकांना धरून राहतात आणि कागदावर तपकिरी डाग ठेवतात. त्यानंतर मोबाइलला लावायचे भिंग असेल तर त्यातून पाहा. पूर्ण कोरडे अंडे गोल नसते. हवा गेलेल्या चेंडूला अंगठ्याने दाबल्यावर पडतो तसा त्याच्यावर खळगा असतो. पाण्यात टाकल्यावर तास-दीड तासात ते फुगून गरगरीत गोल होते. डब्यातूनच काढलेली अंडी जर गोल दिसत असतील तर ती आधीच पाणी प्यायली आहेत, हे निश्चित समजावे.

दुसरी चाचणी मोजणीची. वाटीभर खाऱ्या पाण्यात मोजून शंभर अंडी टाकावीत. सुईच्या टोकाला पाण्याचा थेंब लावून ती एकेक उचलता येतात. हे काम चिकाटीचे आहे, पण एकदाच करायचे आहे. वाटी दिव्याजवळ ठेवावी आणि २४ तासांनी पोहणारी नॉप्ली, म्हणजे अंड्यांतून निघालेली आर्टेमियाची पिल्ले, मोजावीत. डबा ठेवायचा की टाकायचा, हे त्या आकड्यावरून ठरवता येते.

तुमच्या पद्धतीतल्या चार गोष्टी मात्र डबा बदलला तरी सुधाराव्यात असे मला वाटते. पहिली म्हणजे मीठ चमच्याने न मोजता वजन करून घ्यावे, कारण जाड्या मिठाचा खडा केवढा आहे त्यावर चमच्यातले वजन पुष्कळ बदलते. लिटरला २५ ग्रॅम पुरेसे आहे. त्याहून जास्त खारट पाण्यात अंडे फुटायला उशीर लागतो, कारण कवचाच्या आत ग्लिसरॉल साठून ते बाहेरचे पाणी ओढून घेते आणि त्या दाबाने कवच तडकते. बाहेरचे पाणी जितके खारट, तितका तो दाब तयार व्हायला वेळ आणि शक्ती जास्त लागते. दुसरी गोष्ट सोड्याची. आपल्याकडे नळाला येते ते धरणाचे पाणी मऊ असते, त्याचा सामू (पीएच) अंड्यांच्या श्वसनाने सहज खाली येतो, आणि कवच सोडवणारे विकर (एन्झाइम) तर सामू ८ च्या वर असतानाच नीट काम करते. म्हणून दर लिटरला चहाचा पाव ते अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. तिसरी गोष्ट उजेडाची. अंडी भिजल्यानंतरचे पहिले काही तास बाटलीजवळ चांगला दिवा असणे आवश्यक आहे, उजेड हीच त्यांना सुरुवात करण्याची खूण असते. पाण्याचे तापमान २६ ते २८ अंशांच्या दरम्यान असावे, ते पावसाळ्यात आपल्या घरात आपोआपच असते. चौथी गोष्ट, एअर स्टोन काढून टाकावा. बारीक बुडबुड्यांनीच तो फेस होतो आणि अंडी पाण्याबाहेर बाटलीच्या कडेला चिकटून वाया जातात. उघड्या नळीचे मोठे बुडबुडे बाटलीच्या निमुळत्या तळातून सोडले की सगळी अंडी सतत वरखाली फिरत राहतात.

आणि ३६ तास थांबू नये. हे मी आग्रहाने सांगते. चांगली अंडी २८ अंशांना १८ ते २४ तासांत फुटतात. नुकत्याच बाहेर आलेल्या नॉप्लीला तोंड उघडलेले नसते, तिच्या पोटात बलक भरलेला असतो आणि त्यामुळेच ती नारिंगी दिसते. साधारण आठ तासांत ती पहिली कात टाकते, त्यानंतर बलक झपाट्याने संपू लागतो, अंग पारदर्शक होते आणि पोहण्याचा वेग वाढतो. म्हणजे तुमच्या पिल्लाला मिळणारा घास पौष्टिकतेने सुमारे चतुर्थांश हलका होतो आणि पकडायलाही अवघड होतो. अकरा दिवसांच्या फायटरच्या पिल्लासाठी हा फरक लहान नाही.

नौपाडा जुनी टाकी

पोटात टरफले सापडली असे ताईंनी लिहिले आहे, त्याबद्दल मी वेगळा मार्ग सुचवतो. अंड्यांचे कवच आधीच विरघळवून टाकले तर टरफलांचा प्रश्नच मुळापासून संपतो. अंडी तासभर साध्या पाण्यात हवा लावून भिजवायची, मग त्यात घरगुती ब्लीच घालून ढवळत राहायचे. तपकिरी रंग जाऊन आधी राखाडी आणि मग नारिंगी येतो. तो आला की ताबडतोब गाळून, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि शेवटी उरलेले क्लोरीन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यातून काढायचे. ही अंडी फोडायलासुद्धा सोपी जातात, कारण गर्भाला जाड कवच फोडण्याचा खर्च पडत नाही, आणि न फुटलेले अंडे पिल्लाने गिळले तरी ते पचते. मी हे दर रविवारी एकदम करून आठवड्याची अंडी संपृक्त मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवतो.

कोपरखैरणे एंजल

नौपाड्याच्या मित्रांची पद्धत बरोबर आहे आणि मी ती केलेलीही आहे, पण ताईंनी आत्ता ती करू नये असे माझे मत आहे. या क्रियेत द्रावण चांगलेच तापते. ४० अंशांच्या वर गेले तर सगळे गर्भ मरतात, म्हणून बर्फ हाताशी ठेवून तापमापी पाहत बसावे लागते. ओलाव्याने आधीच अशक्त झालेल्या अंड्यांवर हा प्रयोग केला तर जे थोडे जिवंत आहेत तेही जातील. ब्लीच जुने असेल तर रंग बदलायला किती वेळ लागेल याचा अंदाज येत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर बंद स्वयंपाकघरात हे मुळीच करू नये. त्यात दुसरा कोणताही साफसफाईचा द्रव मिसळू नये, विशेषतः आम्ल असलेला, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

टरफले वेगळी करण्यासाठी घाई न करता केलेली काढणी पुरेशी आहे. ती कशी करावी ते नीट लिहितो, कारण मला वाटते की ताईंची नऊ पिल्ले गेली ती येथेच.

हवा बंद करावी आणि बाटलीचा वरचा दोन-तृतीयांश भाग काळ्या कापडाने गुंडाळून तळाशी एक दिवा लावावा. दहा मिनिटांत तीन थर होतात. रिकामी टरफले हलकी असल्यामुळे वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी निमुळत्या टोकात बसतात, आणि नॉप्ली उजेडाकडे ओढ घेणारी असल्यामुळे त्या अंड्यांच्या लगेच वर नारिंगी ढगासारखी जमतात. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मात्र थांबू नये, इतकी दाटी झाल्यावर तेथला प्राणवायू संपतो आणि नॉप्ली गुदमरतात. नंतर झाकणातली नळी उघडून तळाचे पहिले दोन-तीन चमचे पाणी फेकून द्यावे, त्यात न फुटलेली अंडी जातात. मग नारिंगी ढग गाळणीत घ्यावा. आणि येथेच खरी कसोटी आहे: ढग संपत आला, पाणी फिकट होऊ लागले, की थांबावे. शेवटच्या चार थेंबांत शंभर नॉप्ली राहिल्या म्हणून हळहळू नये, त्यांच्याबरोबर वरचा टरफलांचा थर खाली येतो.

गाळणी १२० मायक्रॉनच्या आसपासची असेल तर उत्तम, नाही तर दुहेरी घडीचा जुना सुती रुमालही चालतो. त्यावर गोडे पाणी ओतून मीठ धुऊन टाकावे. तरीही तपकिरी कण दिसलेच तर सगळे काचेच्या वाटीत घ्यावे, एका कडेला विजेरी धरावी, आणि पाच मिनिटांनी त्या कडेला जमलेली नॉप्ली ड्रॉपरने उचलावीत. टरफलांना उजेडाची ओढ नसते, ती जागच्या जागी राहतात.

गोड्या पाण्यात ही नॉप्ली चार-सहा तास जगतात, त्यानंतर मरून पाणी नासवतात. म्हणून एकदाच भरपूर देण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडे-थोडे द्यावे आणि अर्ध्या तासाने टाकीला बाजूने उजेड दाखवून पिल्लांची पोटे पाहावीत. भरलेले पोट नारिंगी मोत्यासारखे दिसते. उरलेली नॉप्ली थोड्या खाऱ्या पाण्यात, पसरट भांड्यात फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा बलक टिकतो, म्हणजे रोज तीन वेळा बाटली लावायची गरज पडत नाही.

खारेगावची टाकी

काका, ताई आणि नौपाड्याचे दादा, आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहिते आहे, कारण मोजणी पुरी केल्याशिवाय लिहायचे नव्हते.

कागदाची चाचणी पहिल्याच रात्री केली. अंडी घरंगळली नाहीत. कागद उभा धरला तरी अर्धी तशीच चिकटून राहिली. भिंगातून खळगा पडलेली फारच थोडी दिसली, बहुतेक सगळी गोल होती. वाटीतल्या शंभरांपैकी २४ तासांनी अकरा आणि ३६ तासांनी सतरा फुटली. मग कुर्ल्याला जाऊन नवा सीलबंद डबा आणला, तो एकदाच उघडून वीस लहान बाटल्यांत सिलिका जेलसह भरला. त्यांतील शंभरांपैकी २२ तासांत ब्याऐंशी फुटली. मीठ, पाणी, सोडा आणि दिवा दोन्ही वाट्यांना सारखाच होता, त्यामुळे दोष साठवणुकीचाच होता याबद्दल आता मला शंका नाही.

वजन केल्यावर असेही कळले की माझे तीन चमचे जाडे मीठ साठ ग्रॅमच्या वर भरत होते, म्हणजे लिटरला चाळीसहून अधिक. ते आता मोजून घालते. काळे कापड आणि दिवा लावून काढणी केली तेव्हा तो नारिंगी ढग पहिल्यांदा इतका वेगळा, कडा असलेला दिसला की माझा मुलगा अभ्यास सोडून पाहायला आला. गेल्या तीन दिवसांत एकही पिल्लू मेलेले नाही. सगळ्यांची पोटे नारिंगी आहेत आणि शेपटीच्या कडेला दोघा-तिघांत निळसर झाक येऊ लागली आहे.

एकच अडचण उरली. मंगळवारी पहाटे आमच्याकडे दीड तास वीज गेली आणि बाटलीतले खारे पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरले. पंप बंद पडला आणि ती बाटलीही गेली. यावर काय करता?

खारघर सूक्ष्मदर्शक

नळीत पंपाच्या अलीकडे एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवावा. तो कोणत्याही मत्स्यालयाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. बाण पाण्याच्या दिशेला आहे ना, एवढे पाहून लावावा. त्याबरोबर पंप बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह कधी अडकला तरी पाणी वर चढणार नाही. विजेसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवणे चांगले, कारण फुटायला आलेली अंडी हवेशिवाय तळाशी बसून राहिली की नुकसान होते. आणि पंपात खारे पाणी गेले असेल तर तो उघडून गोड्या पाण्याने पुसून दोन दिवस उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली, वाळवून पाहावा. माझा एक पंप असाच वाचला होता.